दुकानातील उमेदवारी

आपल्या न्यासाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत शिक्षणविषयक काही लिहावे, अशी आज्ञा चालकांनी केली, तेव्हा प्रथम आमच्या मनात आले ते नेहमीचेच विषय. पदवीधरांची वाढती संख्या, शिष्यवृत्त्यांचा विनियोग, वसतिगृहाची निकड, हे विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु दरवर्षी जून महिन्यात गुणगौरव समारंभ होतो, टाळ्या पडतात, आणि त्याच आठवड्यात आपल्याच कुटुंबांतील कित्येक मुले-मुली महाविद्यालयाच्या दारात न जाता गणपत गल्लीत, खडे बाजारात किंवा रविवार पेठेत एखाद्या दुकानाची पायरी चढतात. त्यांची नावे कोणत्याही यादीत नसतात. घरचे लोक विचारले असता एवढेच सांगतात, "शिक्षण सुटलं, दुकानात लावलाय." जणू काय शिकणे त्या दिवशी संपले.

ते खरोखर संपते काय, आणि संपत नसेल तर दुकानात मूल नेमके काय शिकते, कसे शिकते व कोठे अडते, हे उलगडून सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आमच्याच एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगा दहावीस गणितात दोनदा नापास झाला. त्याची आई भेटावयास आली, तेव्हा आम्ही तिला म्हणालो, "बाई, ह्याच्या डोक्यात हिशेब शिरत नाही, कुठंतरी कामाला लावा." त्या माउलीने तो शिक्षकाचा सल्ला म्हणून मानला आणि मुलगा कापडाच्या दुकानात लागला. चार वर्षांनी ईदच्या आधी मुलांचे कपडे शिवावयाचे म्हणून आम्ही बाजारात गेलो, तो हाच मुलगा पुढे आला. कापड एकशे साठ रुपये मीटर, प्रत्येकी पावणेदोन मीटर, मुले तीन. आम्ही खिशातून पेन काढीपर्यंत त्याने सांगून टाकले, "एकाचे दोनशे ऐंशी, तिघांचे आठशे चाळीस, सर." आम्ही चकित झालो; खरे म्हणजे लज्जित झालो. पण गोष्ट तेथे संपली नाही. शेठजी आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, एक विचारू काय? ऐंशी सेंटिमीटर कापड दिलं तर बिलाच्या मशीनवर शून्य, टिंब, आठ असं मारतात. ते आठ कसं? ऐंशी का न्हाई?"

दशांश अपूर्णांक हा धडा आम्ही त्याला दोन वर्षे शिकविला होता. जे त्याला येत होते ते आम्हांस दिसले नव्हते, आणि जे येत नव्हते ते विचारण्यास त्याला चार वर्षे कोणी भेटले नव्हते. या लेखातील पुढील सारा विचार त्या एका प्रश्नातून निघाला आहे.

उमेदवार हा शब्द

जुन्या मराठीत अशा मुलास 'उमेदवार' म्हणत व त्याच्या शिकण्याच्या काळास 'उमेदवारी'. आज हा शब्द आपण निवडणुकीपुरता ठेवला आहे; पण १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली येणाऱ्या तरुणास सरकारी मराठीत अजूनही 'शिकाऊ उमेदवार' असेच म्हणतात. शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा; उमेदवार म्हणजे जो आशा धरून आहे तो. दुकान, हिशेब, जमा, खर्च, बाकी, नफा, तराजू हे शब्दही अरबी-फारसीतून आपल्या बाजारात आले व मराठी होऊन बसले. नोकर आणि उमेदवार यांतला भेद लक्षात घेण्याजोगा आहे. नोकर सांगितलेले काम करतो. उमेदवार ते काम करीत असता पुढच्या कामावर डोळा ठेवून असतो. एकाच मुलाला दुकान नोकर करील की उमेदवार, यावर त्याचे पुढील आयुष्य ठरते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये सुधारला गेला. आपल्या घरच्या धंद्यात शाळा सांभाळून केलेली मदत यांसारखे थोडे अपवाद सोडल्यास, चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवणे त्यामुळे गुन्हा ठरले आहे, आणि ते योग्यच आहे. आम्ही बोलत आहो ते शाळेचे वय ओलांडलेल्या, सोळा-सतरा ते बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणांविषयी.

कामाचा क्रम हाच अभ्यासक्रम

कापडाच्या दुकानात नव्याने लागलेल्या मुलास पहिले काम मिळते ते घड्या घालण्याचे. गिऱ्हाईक वीस साड्या उलगडून पाहते, एक घेते. उरलेल्या एकोणीस साड्यांच्या घड्या या मुलाने घालावयाच्या. बघणारास वाटते, हे काय काम? परंतु घडी घालताना प्रत्येक साडी त्याच्या हातांतून जाते. काठ कोठे, पदर कोठे, उलटी बाजू कोणती, कोणते कापड बोटांवरून निसटते, कोणते ताठ राहते, हे त्याला कोणी न सांगता कळते. शिवाय गिऱ्हाइकाने कोणती साडी नाकारली व नाकारताना काय म्हटले, हेही कानांवर पडत असते.

दुसरी पायरी माल काढून देण्याची. जुना विक्रेता गादीवरून हाक मारतो, "अरे, ती आमसुली काठाची आण." कोणत्या फळीवर काय आहे, हा दुकानाचा नकाशा आता मुलाच्या डोक्यात तयार होतो. तिसरी पायरी मोजण्याची व कापण्याची. चौथी गिऱ्हाइकाशी बोलण्याची. पाचवी बिल करण्याची. मग गल्ला, मग उधारीची वसुली, आणि सर्वांत शेवटी खरेदी, म्हणजे कोणता माल कोठून, किती व कोणत्या भावाने आणावा याचा निर्णय.

हा क्रम कोणी पुस्तकात लिहून ठेविलेला नाही. पण त्यात मोठे शहाणपण आहे. घडी चुकली तर पुन्हा घालता येते, नुकसान काही नाही. माल चुकीचा काढला तर अर्धा मिनिट जातो. कात्री चुकली तर एक कापड वाया जाते. उधारी चुकली तर महिन्याची कमाई बुडते, आणि खरेदी चुकली तर सबंध हंगाम बुडतो. म्हणजे मूल जसजसे जाणते होते, तसतशी त्याच्या हाती महाग चूक करण्याची मुभा येते.

जीन लेव्ह या अमेरिकन विदुषीने १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात शिंप्यांच्या उमेदवारीचा अभ्यास केला. तेथील मुले प्रथम गुंड्या लावणे, शिलाई पुरी झालेल्या कपड्याला इस्त्री करणे अशी शेवटची कामे शिकत, मग शिवणे, आणि कापड बेतणे सर्वांत शेवटी. म्हणजे कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या नेमके उलट. कारण तेच. पुरा झालेला कपडा आधी हातात आल्याने तो कसा असावा हे कळते, आणि बेतण्यातली चूक सर्वांत महाग असल्याने ती मागे ठेवली जाते. पुढे १९९१ मध्ये लेव्ह व एतियेन वेंगर यांनी एका पुस्तकात हा विचार सविस्तर मांडला : नवखा माणूस कामाच्या कडेला उभा राहून, लहान पण खरे काम करीत, हळूहळू मध्यभागी सरकतो, हे सरकणे म्हणजेच शिकणे. आपल्या बाजारातल्या जुन्या दुकानदारास हे सांगितले तर तो हसेल व म्हणेल, यात नवे ते काय!

हाताचे व डोळ्याचे ज्ञान

आता या मुलाच्या अंगी येणारी विद्या जरा जवळून पाहू. आपल्या भागात इलकलची साडी घरोघर आहे. त्या साडीचे अंग व पदर वेगवेगळ्या ताण्यांचे असतात. अंगाचा ताणा पदराच्या ताण्याशी फासांनी जोडून विणतात. या जोडणीस 'टोप तेनी' म्हणतात. साडी उलटी करून हा जोड कसा पाहावा, हे दुकानातला मुलगा पहिल्या सहा महिन्यांत शिकतो. गुळेदगुड्डचा खण, शहापूर-वडगावच्या मागांवरची साडी, सुरतेचा कृत्रिम धाग्याचा माल, यांतील भेद तो डोळे मिटून सांगू शकतो.

शंका आलीच तर दोन धागे काढून काडी लावावी, ही जुनी परीक्षा. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राख पडते; खऱ्या रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो; पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रसायनशास्त्राच्या तासास हे सांगावे तर मुले जांभया देतात. पण शालू म्हणून आलेला माल शालूच आहे काय, हा प्रश्न समोर असला म्हणजे तोच प्रयोग जन्मभर लक्षात राहतो.

पन्ह्याचा हिशेबही असाच. छत्तीस इंच पन्ह्याच्या कापडाचा पुरुषी सदरा करावयाचा तर सव्वादोन-अडीच मीटर लागते. तेच अठ्ठावन्न इंच पन्ह्याचे असेल तर दीड-पावणेदोन मीटरांत काम भागते. म्हणून मीटरचा दर जास्त दिसला तरी रुंद पन्ह्याचे कापड कित्येकदा स्वस्त पडते. लांबी, रुंदी व क्षेत्रफळ यांचा संबंध येथे गिऱ्हाइकाच्या पैशांशी जोडलेला असतो, म्हणून तो कळतो. आणि गंमत अशी की पन्हा इंचात, कापड मीटरमध्ये व साडी अजून वारात! नऊवार म्हणजे आठ मीटर तेवीस सेंटिमीटर; सहावार म्हणजे सुमारे साडेपाच मीटर. तीन मोजमापे एकाच वेळी डोक्यात वागविणाऱ्या मुलास आम्ही 'गणितात कच्चा' असा शेरा दिलेला असतो.

तोंडी हिशेब आणि कागदी हिशेब

जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानुसार पुढील काही वर्षांत मीटर-किलोग्रॅम आले. मग हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. पण दुकानातून ते गेले नाहीत. दोनशे चाळीस रुपये मीटरचे सव्वादोन मीटर कापड असेल तर मुलगा कागद घेत नाही. दोन मीटरांचे चारशे ऐंशी, पाव मीटरचे साठ, झाले पाचशे चाळीस. गिऱ्हाइकाने सहाशे दिले तर तो वजाबाकीही करीत नाही. पाचशे चाळीसवर दहा ठेवून साडेपाचशे, त्यावर पन्नास ठेवून सहाशे, असे मोजीत नोटा परत देतो. सवायकी त्याने आपल्या आपण पुन्हा शोधून काढली आहे.

त्याच मुलास कागदावर २४० × २.२५ असे मांडून द्या. तो उभा गुणाकार करतो, दशांशचिन्ह भलत्या घरी देतो, आणि उत्तर ५४ किंवा ५४०० येते. आणि ते चुकले आहे असे त्याला वाटतही नाही. दुकानात त्याला कोणी सव्वादोन मीटरांचे चोपन्न रुपये म्हणाले असते तर तो हसला असता.

हा अनुभव केवळ आमचा नव्हे. ब्राझील देशातील रेसिफे शहरात तेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर व आनालुसिआ श्लिमान या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास करून तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. बाजारात विचारलेले हिशेब या मुलांनी शेकडा ९८ इतके बरोबर केले. तेच आकडे निव्वळ अंकगणित म्हणून दिले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ३७ वर आले. एका मुलास पस्तीसला एक याप्रमाणे दहा शहाळ्यांची किंमत विचारली. त्याने तीनांचे एकशे पाच, आणखी तीनांचे दोनशे दहा, आणखी तीनांचे तीनशे पंधरा व एकाचे मिळवून साडेतीनशे असे सांगितले. दहाने गुणताना शून्य द्यावे, हा शाळेचा नियम त्याच्या उपयोगी पडला नाही. पडला तो त्याच्या धंद्यातला 'तीनांचा भाव'.

आपल्या देशातही नोबेल पारितोषिकाचे मानकरी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांची पाहणी केली. ती २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आली. निष्कर्ष दुधारी आहे. बाजारातली मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करतात, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेले सोपे हिशेब त्यांना जमत नाहीत. आणि जी मुले केवळ शाळेत जातात, ती कागदी हिशेबात सरस असली तरी बाजारातल्या व्यवहारात अडखळतात. एका ठिकाणचे ज्ञान आपोआप दुसऱ्या ठिकाणी जात नाही. मध्ये पूल लागतो, आणि तो कोणीतरी बांधावा लागतो.

माणसांची पारख

दुकानातील तिसरी विद्या माणसांची. आपल्याकडे लग्नाचा बस्ता बांधावयास गोव्याहून, चंदगडहून, खानापूरहून मंडळी येतात. पंधरा-वीस माणसे गादीवर बसतात. त्यांत पैसे देणारा एक, निवडणारी दुसरी, आणि जिच्या नाकारण्याने सगळा बस्ता मोडेल अशी एक आत्याबाई कोपऱ्यात गप्प बसलेली. ती कोण हे ओळखणे हीच विक्रेत्याची खरी परीक्षा. भारी माल आधी दाखविला तर मंडळी दबतात, हलका दाखविला तर अपमान वाटतो; म्हणून मधला दाखवून चेहरे पाहावयाचे. हे कोणी शिकवीत नाही. नवखा मुलगा पाणी देता देता पाहत असतो.

भाषाही अशीच येते. आपल्या बाजारात एका दुपारी मराठी, कानडी, कोंकणी व दखनी उर्दू अशा चार भाषांत भाव सांगावा लागतो. शाळेत जी मुले दुसरी भाषा बोलण्यास लाजतात, तीच दुकानात वर्षभरात "एष्टु बेकु, अक्का?" असे सहज विचारू लागतात. चुकले तर गिऱ्हाईक हसते व दुरुस्त करते. परीक्षेतील गुण जात नाहीत. सीमाभागात राहणाऱ्या आम्हां लोकांस या शिक्षणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

दुकान जे शिकवीत नाही

येथवर वाचून कोणास वाटेल की शाळा बंद करून मुलांस दुकानांत पाठवावे असे आमचे म्हणणे आहे. तसे मुळीच नाही. दुकानाची शाळा चांगली आहे, पण तिच्यात चार मोठ्या उणिवा आहेत.

पहिली ही की ती 'कसे' शिकविते, 'का' शिकवीत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. बिलावर कराचे दोन आकडे छापलेले मुलगा रोज पाहतो. ते दोन का, विक्रीवरील करातून खरेदीवरील कर कसा वजा होतो, विवरणपत्र कशासाठी, हे त्याला ठाऊक नसते. एक हिस्सा केंद्राचा व एक राज्याचा, एवढे जरी कोणी सांगितले तरी तो कागद त्याला वाचता येऊ लागेल. जे वाचता येत नाही, ते दुसऱ्याच्याच हाती राहते. म्हणून वीस वर्षे दुकानात काढलेला हुशार विक्रेता स्वतःचे दुकान घालावयास कचरतो. कापड त्याला कळते. कागद कळत नाही.

दुसरी उणीव नव्या काळाची. २०१६ नंतर मोबाईलवरून पैसे देण्याची पद्धत घरोघर पोहोचली. मोठ्या दुकानांतून पट्ट्यांच्या खुणा वाचणारी यंत्रे आली. त्यांत वाईट काही नाही. परंतु जेथे एक मुलगा सबंध दिवस फक्त खूण वाचून घेण्याचे काम करतो व दुसरी मुलगी फक्त घड्या घालते, तेथे पायऱ्याच उरत नाहीत. कडेचा माणूस कडेलाच राहतो. यंत्राने हिशेब केला तरी चालेल. पण आकडा भलताच आला तर "हे चुकले" असे म्हणणारे माणूस दुकानात हवे.

तिसरी उणीव शरीराची. विक्रेत्या मुलींस कित्येक ठिकाणी दहा-दहा तास बसू देत नाहीत. केरळात कोझिकोडच्या बाजारातील विक्रेत्या स्त्रियांनी याविरुद्ध आवाज उठविला. त्यातून २०१८ मध्ये त्या राज्याने दुकानांत बसावयास जागा देणे कायद्याने बंधनकारक केले, व २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला. पाय दुखत असताना कोणी काही शिकत नाही, हे सांगावयास संशोधकांची गरज नाही.

चौथी उणीव सर्वांत गंभीर आहे. उमेदवार चांगले जसे पाहून शिकतो, तसे वाईटही पाहूनच शिकतो. मीटरपट्टी धरताना बोट कोठे ठेवावे म्हणजे कापड आखडते, रंग जाणाऱ्या कापडास 'पक्का रंग' कसे म्हणावे, हेही गादीवरच शिकविले जाते, आणि तेही न बोलता. कुराणात मापात खोट करणाऱ्यांविषयी एक सबंध सूरा आहे, तिचे नावच 'अल् मुतफ्फिफीन'. आणि देहूचे तुकोबाराय तर स्वतः वाण्याच्या दुकानावर बसलेले. आपल्या दोन्ही परंपरांनी तराजूस धर्माच्या जागी बसविले आहे. मालक जे माप धरील, तेच माप उमेदवार पुढे चाळीस वर्षे धरणार आहे.

काय करता येईल

दुकानदार सभासदांस आमची विनंती अशी की मुलगा किंवा मुलगी कामास लागली की पायऱ्यांचा हिशेब मनाशी ठेवावा. सहा महिने घडीवर झाले, आता मोजण्यावर आणावे. वर्षाने बिलावर, दोन वर्षांनी आठवड्यातून एक दिवस गल्ल्यावर आपल्या शेजारी बसवावे. खरेदीच्या एखाद्या फेरीस बरोबर न्यावे. रात्री दुकान बंद करताना दहा मिनिटे काढून दिवसात कोणते गिऱ्हाईक का परत गेले, हे विचारावे. चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर बोलू नये; मागाहून, एकट्यास, कारणासह सांगावे. मोठ्या आस्थापनांस अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर शिकाऊ उमेदवार घेता येतात. २०१६ पासून त्यांच्या विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार सोसू लागले. ती वाट चोखाळून पाहावी.

पालकांस सांगणे एवढेच की "शिक्षण सुटलं" हे वाक्य मुलासमोर बोलू नये. संध्याकाळी त्याला "आज पगाराचं काय?" असे विचारण्याआधी "आज काय नवीन आलं?" असे विचारावे.

आणि न्यासाच्या चालकांपुढे एक लहान मागणी ठेवतो. बाजार बंद असतो त्या दिवशी न्यासाचे सभागृह दोन तास या मुलांस उघडावे. वर्गाचे स्वरूप शाळेचे नसावे. मुलांनी आठवड्यातली आपली बिले आणावीत व त्यांवरूनच दशांश, टक्केवारी, कर, रोजमेळ व खतावणी शिकवावी. सव्वा म्हणजे एक पूर्णांक पंचवीस, पाऊण म्हणजे शून्य पूर्णांक पंचाहत्तर, येथून आरंभ करावा. कारण सव्वा व पाऊण त्यांना आमच्यापेक्षा चांगले येतात. ज्यांना पुन्हा परीक्षेस बसावयाचे असेल त्यांनी बसावे. ज्यांना नसेल त्यांस आग्रह नको. शिकविण्यास आम्ही व आमचे दोन सहकारी विनामूल्य तयार आहो. खर्च म्हणाल तर खडू, फळा व चहा.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेथेच दिले. बिलाच्या पाठीवर शंभर सेंटिमीटरची रेघ ओढली, तिचे दहा भाग केले, आणि विचारले, "ऐंशीत असे भाग किती?" तो क्षणभर पाहत राहिला व म्हणाला, "आठ. म्हणजे मीटरच्या दहा वाट्यांतले आठ वाटे. एवढंच व्हय, सर?" एवढेच होते. दोन मिनिटे लागली. गेल्या दिवाळीत त्याच्या शेठजींनी त्याला प्रथमच गल्ल्यावर बसविले. दहावीच्या परीक्षेस तो पुन्हा बसलेला नाही, आणि बसेल असेही दिसत नाही. त्याच्या आईस मात्र आम्ही एकदा घरी जाऊन भेटलो, व चार वर्षांपूर्वी दिलेला सल्ला चुकला नसला तरी त्याबरोबर सांगितलेले कारण चुकीचे होते, असे स्पष्ट सांगून आलो.

न्यासाच्या पुढील महोत्सवाच्या वेळी गुणगौरवाच्या यादीत पदवीधरांच्या खाली या उमेदवारांचीही एक ओळ असावी, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.